संघमालकावर दावा चालणार नाही. बाराशे डॉलर मात्र २६ सप्टेंबरच्या आत मागा

फ्रीमॉंटच्या एका वाचकांनी ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या बेसबॉल संघाविषयी पत्र पाठवले आहे. वीस वर्षांचे चाहते असलेले हे गृहस्थ विचारतात, ‘मालक जॉन फिशर यांनी चांगले खेळाडू घालवले, २०२३ मध्ये संघाला ११२ पराभव पाहायला लावले आणि शेवटी संघच गावातून हलवला. चाहता म्हणून मी त्यांच्यावर आणि स्पर्धा चालवणाऱ्या मेजर लीगवर दावा करू शकतो का?’ बे एरियातील मराठी वाचकांकडून याच आशयाची पत्रे वर्षभर येत आहेत. हे पत्र निवडले ते त्याच्या शेवटच्या परिच्छेदामुळे. मूळ प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही असे समजून वाचकांनी जो तपशील ओघात लिहिला आहे, त्यावरच त्यांचे सगळे प्रकरण उभे आहे.

तुमचा संताप मला समजतो. १३ जून २०२३ रोजी ‘सेल’ (SELL, म्हणजे ‘संघ विका’) असे छापलेले हिरवे शर्ट घालून जे २७,७५९ लोक संघाच्या कोलिझियम या मैदानात जमले होते, त्यांच्यात मीही होतो. मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन हे संघाचे दोन आघाडीचे खेळाडू मार्च २०२२ मध्ये काही दिवसांच्या अंतराने गेले, तेव्हा माझ्याही घरात तीच चर्चा झाली होती. परंतु वाईट कारभार हा प्रेक्षकाच्या दाव्याचा आधार होत नाही, आणि याबाबत न्यायालयांनी फारशी फट ठेवलेली नाही. अमेरिकन फुटबॉलमधील न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाने प्रतिस्पर्ध्यांच्या खुणांचे चोरून चित्रीकरण केल्याचे उघड झाल्यावर जेट्स संघाच्या एका हंगामी तिकीटधारकाने दावा लावला होता. तिकिटाने आसनावर बसून सामना पाहण्याचा हक्क मिळतो आणि तो मिळालेला आहे, असे म्हणून अपील न्यायालयाने २०१० मध्ये तो दावा फेटाळला. कॅलिफोर्निया ज्याच्या कक्षेत येते त्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने मेवेदर–पॅकियाओ मुष्टियुद्धाच्या प्रकरणात २०१९ मध्ये तशीच भूमिका घेतली. खेळ निराशाजनक झाला, म्हणून पैसे परत मिळत नाहीत.

लीगवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली जाण्याचा मार्ग तर तुमच्या माझ्या जन्माच्या आधीच बंद झाला आहे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला त्या कायद्यातून सूट दिली, १९५३ आणि १९७२ मध्ये ती कायम ठेवली, आणि १९९८ च्या कायद्याने त्यात जो बदल केला तो मेजर लीगच्या खेळाडूंपुरता. सॅन होजे शहराने याच अ‍ॅथलेटिक्सला आपल्याकडे आणण्यासाठी लीगविरुद्ध दावा केला, तोही २०१५ मध्ये नवव्या सर्किटने याच सुटीच्या आधारे फेटाळला. जिथे एका मोठ्या शहराची डाळ शिजली नाही, तिथे एका प्रेक्षकाने वकिलाची फी भरू नये. ही शंभर वर्षांची सूट काढून टाकणे अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे संसदेच्या, हाती आहे आणि ती काढलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या प्रकरणाला मात्र त्याचा आज उपयोग नाही.

आता तुमच्या शेवटच्या परिच्छेदाकडे येतो. हंगामी आसने घेऊन ती वाटून विकणाऱ्या एका मध्यस्थ कंपनीला तुम्ही फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन आसनांसाठी, दरवर्षी वीस सामने याप्रमाणे, तीन हंगामांचे ३,६०० डॉलर एकदम भरले. सवलत मिळत होती म्हणून भरले, असे तुम्ही लिहिता. कोलिझियमचा भाडेकरार २०२४ च्या हंगामाअखेर संपणार हे त्या वेळी वर्तमानपत्रात येत होते आणि तुम्ही तर संघाची बारीकसारीक बातमी वाचणारे. तरीही २०२५ चे पैसे आगाऊ देताना करार वाचला नाही. तुम्ही जोडलेल्या प्रतीतील चौदावे कलम मी तीनदा वाचले. त्याचा अर्थ असा : घरचे मैदान बदलल्यास उरलेल्या सामन्यांची रक्कम रोख परत मिळेल, मात्र त्यासाठी जुन्या मैदानावरील शेवटच्या सामन्यापासून बारा महिन्यांच्या आत लेखी मागणी कंपनीच्या पत्त्यावर पोहोचली पाहिजे; तशी न पोहोचल्यास ती रक्कम नव्या मैदानावरील तिकिटांसाठी जमा राहील आणि रोख परतावा मिळणार नाही.

शेवटचा सामना २६ सप्टेंबर २०२४ रोजी झाला. टेक्सास रेंजर्सविरुद्धचा तो ३–२ असा विजय तुम्ही मुलाला घेऊन पाहिलात आणि मैदानातील माती औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलीत, असे तुम्हीच लिहिले आहे. त्या दिवशी तुमच्या मनात काय चालले असेल ते मी जाणतो, पण कराराचे घड्याळही त्याच दिवशी सुरू झाले. मी हे २०२५ च्या ऑगस्टच्या मध्यावर लिहीत आहे. तुमच्या हाती जेमतेम सहा आठवडे आहेत. कंपनीची ऑक्टोबरमधली ईमेल तुम्ही जाहिरात समजून उघडली नाही, आणि वसंतात दोनदा फोन केला तो कोणाशी, कोणत्या तारखेला, हे तुम्हाला आठवत नाही. असा फोन केल्याचे सिद्ध करता येत नाही, आणि कलमाला हवी आहे ती लेखी मागणी.

तेव्हा या आठवड्यातच एक पानी पत्र लिहा. कराराचा क्रमांक, चौदावे कलम, २०२५ च्या वीस सामन्यांचे १,२०० डॉलर आणि ‘रोख परतावा हवा, जमा रक्कम नको’ हे वाक्य त्यात असावे; हंगामाची कहाणी आणि फिशर यांच्याविषयीचे मत नसावे. पत्र सर्टिफाइड मेलने पोचपावतीसह पाठवा आणि तेच ईमेलनेही पाठवा. पाकिटावर करारात छापलेला पत्ताच घाला, संकेतस्थळावरचा नव्हे. सप्टेंबरमध्ये भाचा येणार आहे म्हणून जमा रकमेतून, संघ २०२५ पासून जिथे खेळू लागला त्या वेस्ट सॅक्रामेंटोच्या एका सामन्याची तिकिटे काढण्याचा तुमचा विचार आहे, तो कृपया सोडून द्या. तुम्ही जमा रक्कम एकदा वापरलीत, की पर्याय स्वीकारला असे कंपनी म्हणेल, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटले असते.

कंपनीने नकार दिला तर स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात, जा. एकोणिसावे कलम वाद लवादाकडे नेते खरे, पण त्यातच या न्यायालयाची वाट मोकळी ठेवलेली आहे. १,५०० डॉलरपर्यंतच्या दाव्याला तीस डॉलर शुल्क पडते, सुनावणीत कोणाच्याही बाजूने वकील उभा राहत नाही, आणि मैदान व तुमचे घर दोन्ही अ‍ॅलमेडा काउंटीत असल्यामुळे तिथेच दाखल करता यावे. हरलात तर दावेदार म्हणून तुम्हाला अपील नाही, म्हणून कागद पहिल्याच वेळी पूर्ण न्या.

मुदत चुकली तर काय, हेही तुम्ही विचाराल. लेखी कराराच्या दाव्याला कॅलिफोर्नियात चार वर्षांची मुदत आहे, आणि भरलेले पैसे असे बुडवणारे कलम अन्याय्य आहे असा युक्तिवाद करता येईल. तो न्यायाधीशांना पटेलच, असे मी सांगणार नाही. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार करण्याची वेळ बहुधा केव्हाच गेली आहे. २०२३ आणि २०२४ चे सामने तुम्ही पाहिलेत, त्यांचे पैसे मागू नका; मागितलेत तर रास्त मागणीचेही वजन कमी होते.

पोचपावतीचे हिरवे कार्ड परत आले, की त्याची दोन्ही बाजूंची प्रत मला पाठवा. १२ सप्टेंबरपर्यंत ते आले नाही, तर दुसरी प्रत स्वतः कंपनीच्या कार्यालयात नेऊन द्या आणि तुमच्याकडच्या प्रतीवर तारखेसह सही घ्या.