साठ एकर दहा वर्षं पड ठेवू का?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत डे मॉइनला नोकरी करणाऱ्या, मूळच्या बार्शीच्या एका वाचकांनी गेल्या नोव्हेंबरात दक्षिण आयोवातल्या रिंगोल्ड काउंटीत ६० एकर जमीन घेतली. शेजारचा शेतकरी ती खंडाने करतो, एकरी १९० डॉलर देतो. तिथल्या सरकारच्या सीआरपी (कॉन्झर्वेशन रिझर्व्ह प्रोग्रॅम, म्हणजे जमीन राखण्याच्या) योजनेत जमीन पड ठेवून गवत लावलं तर एकरी १६० च्या आसपास मिळतील, असं त्यांना कळलंय. ‘कूळ नको, कटकट नको, सगळीच देऊन टाकू का? सहा वर्षांनी मुलीच्या कॉलेजसाठी विकायचीच आहे.’

नमस्कार. सगळी देऊ नका. एकरी ३० डॉलर कमी मिळतात म्हणून नव्हे, तुमच्या त्या शेवटच्या वाक्यामुळे.

सीआरपीचा करार १० ते १५ वर्षांचा असतो. मधेच विकलीत आणि घेणाऱ्याने करार पुढे चालवायला नकार दिला, तर तोवर मिळालेले सगळे पैसे व्याजासकट परत, वर एका वर्षाच्या रकमेच्या २५ टक्के भरपाई. साठ एकरांचे वर्षाला ९,६०० धरले तर सहा वर्षांचे ५७,६०० होतात. ऐन फीच्या वेळी हे परत करायचे? करारासकट घेणारं गिऱ्हाईक मिळेलही, पण ज्याला मका-सोयाबीन करायचंय तो भाव पाडून मागणार.

‘कटकट नको’ हेही तितकंसं खरं नाही. गवताचं बी आणि पेरणीचा साधारण निम्माच खर्च सरकार देतं. तण तुम्हीच आवरायचं, आणि आयोवात १५ मे ते १ ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, तेव्हा मनाला येईल तशी कापणी करता येत नाही. मालमत्ता कर तुमच्याकडेच. एक मात्र कबूल: मक्याचा भाव पडला तरी सीआरपीचे पैसे ऑक्टोबरात येतात. खंडाचा तसा भरवसा नाही.

आता तुम्ही पाठवलेला फोटो. ओढ्याकडच्या २२ एकर उतारावर मक्याच्या ओळी तोडून ओघळी पडल्यात, खालची पिवळी चिकणमाती उघडी पडलीय. हे रान दरवर्षी नांगराखाली ठेवणं म्हणजे भांडवल वाहून जाऊ देणं. १९८५ च्या कायद्याने ही योजना आली ती अशाच जमिनींसाठी. तेवढीच द्या. ओढ्याकाठच्या पट्ट्याला सहसा वर्षभर कधीही अर्ज करता येतो; वरच्या उताराला ठरलेल्या मुदतीत, गुणांच्या स्पर्धेत उतरावं लागेल. करार मोडायची वेळ आलीच तर फटकाही तेवढ्यापुरताच.

हिशोब बघा. आज खंड ११,४००. बावीस एकरांचे सीआरपीतून ३,५२०. म्हणजे उरलेल्या ३८ सपाट एकरांना २०८ डॉलर मिळाले की तुमचं काही जात नाही. सपाट रानाला तो शेतकरी जास्त देईल असं मला वाटतं. १९० ही सरसकट सरासरी आहे. गवत कापायचं कामही त्यालाच पैसे देऊन सांगा.

घाई नाही, पण एक तारीख गाठायची आहे. जमीन साधारणपणे १२ महिने मालकीची झाल्याशिवाय योजनेत घेत नाहीत, तुमचे नोव्हेंबरात भरतील. खंडाचा करार मात्र १ सप्टेंबरच्या आत लेखी नोटीस न दिल्यास पुढच्या मार्चपासून आणखी वर्षभर आपोआप चालू राहतो. (गावाकडच्या कूळकायद्याची धास्ती इथे नको, कसणारा मालक होत नाही.) नोटीस देण्याआधी त्याच्याशी बोला, अर्ज नामंजूर झाला तर २२ एकर त्यानेच करायचे, हेही कागदावर घ्या.

कराचं: सीआरपीच्या पैशावर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो असं आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, म्हणतं. २०१४ मध्ये आठव्या सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने स्वतः शेती न करणाऱ्या मालकाला मिळणारी ही रक्कम भाडंच मानली, म्हणजे तिच्यावर हा कर नाही. आयोवा त्याच न्यायालयाखाली येतं, पण आयआरएसने तो निकाल मान्य केलेला नाही. तुमच्या सीपीएला (हिशेबनीसाला) ऑगस्टातच विचारा, एप्रिलात नको.