वेमिकला वगळलं तर?

प्रश्न : ताई, आमच्या वाचक-गटात सध्या चार्ल्स डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ चालू आहे. नायक पिप, त्याला आवडणारी एस्टेला, श्रीमंत मिस हॅविशॅम समजतात. पण जॅगर्स वकिलाचा तो कारकून वेमिक, त्याचं लाकडी घर, तोफ, बहिरा म्हातारा... ही पानं मी सरळ उलटली. कादंबरी साप्ताहिकात येत होती, म्हणून ही भरताड असेल का?
– एक निवृत्त वाचक, मुलुंड

उत्तर : उलटलेली पानं आधी परत उलटा. साप्ताहिकाचं खरं आहे. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी ती डिकन्सच्याच साप्ताहिकात आली, दर आठवड्याला एखाददुसरं प्रकरण. एवढ्याशा जागेत भरताड परवडत नाही हो.

प्रकरण २५ वाचा आणि लगेच २७ घ्या. पंचविसाव्यात वेमिक पिपला वॉलवर्थला घरी नेतो. घराभोवती चार फुटांचा खंदक, त्यावर फळी. ती उचलली की किल्ला बंद. रात्री नऊला तोफ उडते आणि बहिरे वडील खुर्चीचे हात घट्ट धरून ओरडतात, उडाली, मी ऐकली! त्यांच्याकडे बघून मान डोलवा, त्यांना आवडतं, असं वेमिक सांगतो. पिप डोलवतो, पुन्हा पुन्हा.

सत्ताविसाव्यात ज्यो गावाहून लंडनला पिपकडे येतो. पिपच्या बहिणीचा नवरा, लोहार, त्याचा लहानपणचा सोबती. बिचाऱ्याची टोपी शेकोटीवरच्या फळीवरून सारखी पडते, तो पिपला ‘सर’ म्हणतो. पैसे देऊन याचं येणं टाळता आलं असतं तर पिपनं दिले असते! दुसऱ्याच्या बापाला मान डोलवणारा हा मुलगा आपल्या माणसाला लाजतो. वेमिक नसता तर ‘लंडनला गेलं की माणूस बदलतोच’ म्हणून आपण पिपला सोडून दिलं असतं. वेमिकही लंडनचाच आहे, आणि तो म्हाताऱ्याला मिरवतो.

माझे बाबा फोर्टात एका सॉलिसिटरकडे कारकून होते. भांडुपला घरी आजीची वेणी घालून द्यायचे. फीच्या पैशांसाठी मी एकदा त्यांच्या कचेरीत गेले, तर बाबा मान वर न करता म्हणाले, “काय काम आहे?” मी घाबरून आडनावासकट पूर्ण नाव सांगितलं. वेमिकचं तोंड ऑफिस जवळ आलं की टपालपेटीच्या फटीसारखं मिटत जातं, हे वाचताना मला भायखळा सोडल्यावरचे बाबा दिसतात.

त्या मिटल्या तोंडाचा सल्लाही बघा. मित्राला पैशांची मदत करू का, असं पिप ऑफिसात विचारतो. वेमिक थेम्सवरचे सहा पूल नावानिशी मोजतो आणि म्हणतो, एक निवडा नि पैसे तिथून नदीत टाका. तोच प्रश्न वॉलवर्थला विचारल्यावर मात्र हाच गृहस्थ खटपट करून त्या मित्राला, हर्बर्टला, गुपचूप धंद्यात भागी मिळवून देतो. आयती मिळालेली श्रीमंती गेल्यावर पिप शेवटी पोटाला लागतो तो त्याच पेढीत. तुमची ‘भरताड’ काढली तर नायक उपाशी मरेल!

मिस हॅविशॅम मला दर वाचनात थोडी जास्तच नाटकी वाटते, पण ते भांडण पुन्हा कधी. वेमिकच्या लग्नाचं प्रकरणही उलटलं असणार तुम्ही. माणूस खांद्यावर मासे धरायचा गळ टाकून फिरायला निघतो, आणि अरे, इथे चर्च दिसतंय, चला आत, म्हणून लग्न उरकतो. तो गळ कशाला होता, गटात विचारून बघा.