‘जमतं’ हा शब्द महागात पडतो: पिपच्या मोबिलिटी निर्णयाविरुद्ध दाद मागताना

ब्रिटनमधल्या मराठी घरांतून या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीबद्दल आहेत. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे आजारी वा अपंग माणसाला मिळणारा सरकारी भत्ता, ज्याला आपण नुसतं पिप म्हणतो, त्यातला मोबिलिटीचा, म्हणजे चालण्या-फिरण्याचा भाग नाकारला गेला किंवा कमी झाला. तपासणीत अडचणींप्रमाणे गुण देतात. मोबिलिटीत ८ गुण मिळाले तर स्टँडर्ड दर आणि १२ मिळाले तर एनहान्स्ड, म्हणजे वाढीव. २०२५-२६ साली हे दर आठवड्याला २९.२० आणि ७७.०५ पौंड होते. पुढची उत्तरं इंग्लंड आणि वेल्समधल्या वाचकांसाठी आहेत. स्कॉटलंडचं वेगळं लिहिलं आहे.

प्रश्न: आईला (वय ५८) संधिवात आहे. आधी एनहान्स्ड दर होता, त्यावर मोटॅबिलिटीची (पिपच्या पैशांवर गाडी भाड्याने देणाऱ्या योजनेची) गाडी घेतली. आता फेरतपासणीत चालण्याचे फक्त ४ गुण दिले. पत्रात लिहिलंय, ‘तुम्ही दुकानात चालत जाता असं तुम्ही सांगितलंत.’ दुकान कोपऱ्यावर आहे, पण घरी परत आली की ती दोन तास उठत नाही. काय करायचं?

आधी पत्रावरची तारीख बघा. पत्र तुमच्या हातात कधी पडलं ते नाही, पत्रावर छापलेली तारीख. त्या दिवसापासून एक महिन्याच्या आत मँडेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे फेरविचार मागायचा. फोनवर मागता येतो, पण मी नेहमी लेखीच द्यायला सांगते आणि त्याची प्रत घरी ठेवायला लावते. मुदत चुकलीच, तर उशिराचं सबळ कारण देऊन १३ महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. आजारपण, पत्र उशिरा मिळणं, इंग्रजी न समजणं ही कारणं लिहायला संकोच करू नका.

त्याच दिवशी डीडब्ल्यूपीला, म्हणजे पिप देणाऱ्या सरकारी खात्याला, फोन करून तपासनीसाच्या अहवालाची प्रत मागा. ती फुकट मिळते. निर्णयाच्या पत्रात चार ओळी असतात, खरी गोष्ट अहवालात असते. आई काय बोलली, तपासनीसाने काय लिहिलं आणि त्यावरून काय अर्थ काढला, हे तिथे ओळीओळीने दिसतं.

आता ते ‘दुकानात जाते’. आपल्या घरांत प्रकृती विचारली की ‘बरं आहे’, काम विचारलं की ‘जमतं’, असंच उत्तर येतं. परक्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही शिकवण आपल्या आयांच्या हाडीमाशी खिळली आहे आणि मला तिचा आदर आहे. पण पिपच्या नियमांत ‘जमतं’ या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. एखादी गोष्ट चार कसोट्यांवर उतरली तरच ती जमते असं धरायचं: सुरक्षितपणे, ठीक रीतीने, गरज पडेल तितक्या वेळा आणि वाजवी वेळात. वाजवी वेळ म्हणजे, हा त्रास नसलेल्या माणसाला जास्तीत जास्त जेवढा वेळ लागेल त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नाही. यातली एक जरी कसोटी हुकली, तरी कायद्याच्या नजरेत ते जमत नाही. एकदा दुकानात गेल्यावर दोन तास उठता येत नसेल, तर ‘गरज पडेल तितक्या वेळा’ तिथेच कोसळलं.

म्हणून फेरविचाराच्या पत्रात ‘आईला खूप त्रास होतो’ एवढं लिहून भागत नाही. अंतर मोजा, खरोखर टेप घेऊन मोजा. चालण्याचे गुण मीटरवर ठरतात. ५० ते २०० मीटर चालता आलं तर ४ गुण. २० ते ५० मीटर, तेही काठी वा वॉकर घेऊन, तर १०. २० मीटरच्या पुढे जाता येत नसेल तर १२. वेदना सुरू झाल्यावर दात आवळून काढलेली पावलं यात धरायची का, हा वादाचा कणा असतो. तेव्हा असं लिहा: दारापासून गेटपर्यंत इतके मीटर, तिथे भिंतीला टेकून इतकी मिनिटं थांबली, पुढे इतके मीटर, मग परत येऊन आडवी झाली, संध्याकाळी स्वयंपाकघरात जाता आलं नाही. दोन आठवडे रोज अशी नोंद ठेवा. बरे-वाईट दिवस आलटून पालटून येत असतील तर निम्म्याहून अधिक दिवस स्थिती कशी असते ते बघतात, म्हणून चांगला दिवसही प्रामाणिकपणे नोंदवा. खोटं किंवा फुगवून काही लिहू नका. खरं नीट लिहिलं तर पुरेसं असतं.

जीपीच्या, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरच्या, चिठ्ठीत निदान आणि गोळ्यांची नावं असतात, आई किती मीटर चालते हे जीपीने पाहिलेलं नसतं. फिजिओथेरपिस्टचं किंवा रोज सोबत जाणाऱ्या शेजारणीचं पत्र कधीकधी जास्त उपयोगी पडतं.

गाडीबद्दल: दाद मागितली म्हणून गाडी आपोआप राहत नाही. मोटॅबिलिटीला लगेच फोन करून परत करण्याची मुदत विचारा. आणि चालण्यासाठी ८ गुण जरी मिळाले, तरी ब्लू बॅजचा (अपंगांसाठीच्या पार्किंग परवान्याचा) हक्क आपोआप येतो आणि स्टँडर्ड दरावर गाडीच्या टॅक्समध्ये निम्मी सूट मिळते, हे बऱ्याच जणांना कुणी सांगतच नाही.

प्रश्न: मुलगा १७ वर्षांचा, ऑटिस्टिक. कॉलेजची बस त्याला पाठ आहे. एकदा रस्ता बंद होता म्हणून बस वळली, तो मध्येच उतरला आणि तीन तास सापडला नाही. तरी प्रवासाचे शून्य गुण. ‘पाय ठीक आहेत’ असं म्हणतात.

पाय ठीक असण्याचा यात संबंध नाही. मोबिलिटीत दोन वेगळे भाग आहेत, एक चालण्याचा आणि दुसरा प्रवास ठरवण्याचा व रस्ता धरून जाण्याचा. दुसऱ्या भागात, अनोळखी वाट सोबतीशिवाय धरता येत नसेल तर १० गुण आहेत. ओळखीचीही धरता येत नसेल तर १२. म्हणजे एकट्या या भागावरही एनहान्स्ड दर मिळू शकतो. तपासनीसांच्या मार्गदर्शिकेतच म्हटलं आहे की रस्त्याची कामं, बदललेले बसथांबे असे छोटे अडथळे नेहमीचेच असतात आणि ते आले तर माणसाला प्रवास जमेल का, हे बघायला हवं. तुमच्या मुलाचा तो दिवस नेमका हाच आहे. तारीख, वेळ, कुणाला फोन केले, तो कुठे सापडला, सगळं लिहा. कॉलेजचं पत्र जोडा.

तुमच्या पत्रात पुढे ‘मानसिक ताण मोजत नाही’ असंही कुणी म्हणाल्याचं लिहिलं आहे. सरकारने मार्च २०१७ मध्ये तसा नियम केला होता खरा. डिसेंबर २०१७ मध्ये हायकोर्टाने तो भेदभावाचा ठरवून रद्द केला आणि सरकारने त्यावर अपील केलं नाही. तीव्र मानसिक ताणामुळे रस्ता धरता येत नसेल तर तोही मोजतात.

प्रश्न: मला फिट येतात, महिन्यातून दोनदा. ‘निम्म्याहून कमी दिवस’ म्हणून नाकारलं.

२०१७ मध्ये अपर ट्रायब्युनलच्या, म्हणजे अपिलांच्या वरच्या न्यायाधिकरणाच्या, तीन न्यायाधीशांनी यावर निकाल दिला आहे. सुरक्षितता बघताना फिट किती दिवस येते एवढंच बघायचं नाही, आली तर इजा किती गंभीर होईल हेही बघायचं. फिट कधी येईल ते आधी कळत नसेल, तर धोका रोजचा असतो. पूर्वसूचना मिळत नाही हे न्यूरॉलॉजिस्टच्या पत्रात स्पष्ट यायला हवं, आणि रस्ता ओलांडताना किंवा प्लॅटफॉर्मवर काय घडलं आहे ते तुमच्या शब्दांत.

प्रश्न: फेरविचारातही नकार आला. ट्रायब्युनल म्हणजे कोर्ट, वकील, खर्च. शिवाय सासऱ्यांना इंग्रजीत नीट बोलता येत नाही. सोडून द्यावं का?

सोडू नका, हे मी मनापासून सांगते. फेरविचाराच्या उत्तराच्या तारखेपासून एक महिन्यात अपील करायचं, ऑनलाइन किंवा एसएससीएस१ फॉर्म भरून. फी नाही, वकील लागत नाही. समोर तिघं असतात: एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेली एक व्यक्ती. हे मंडळ डीडब्ल्यूपीचं नाही. सुनावणीपर्यंत गेलेल्या पिपच्या अपिलांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या बाजूने लागतात, हे वर्षानुवर्षं दिसतं आहे. फेरविचारातच थांबणाऱ्यांची मला म्हणूनच फार हळहळ वाटते.

फॉर्मवर दुभाषा हवा असं लिहा आणि भाषा ‘मराठी’ नोंदवा. हिंदी चालेल म्हणून सोडू नका. दुभाषा फुकट मिळतो. घरच्या माणसाने दुभाष्याचं काम करू नये. सून सासऱ्यांचं बोलणं सावरून सांगते, तिथेच अर्थ बदलतो. तुम्ही सोबत बसा, साक्ष द्या. नुसत्या कागदांवर निकाल मागू नका. माणूस समोर दिसावा, दारातून खुर्चीपर्यंत येताना दिसावा.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. ट्रायब्युनल पूर्ण निर्णय नव्याने बघू शकतं, त्यामुळे मिळत असलेले डेली लिव्हिंगचे, म्हणजे पिपच्या रोजच्या कामांच्या दुसऱ्या भागाचे, गुणही कमी होऊ शकतात. अपील करण्याआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइससारख्या मोफत सल्ला देणाऱ्या ठिकाणी कागद दाखवून घ्या. दुसरं म्हणजे, मूळ निर्णयाच्या दिवशी स्थिती कशी होती तेच बघतात. त्यानंतर तब्येत बिघडली असेल तर ते डीडब्ल्यूपीला वेगळं कळवायचं.

प्रश्न: अपील केल्यावर डीडब्ल्यूपीचा फोन आला, ‘स्टँडर्ड दर देतो, चालेल का?’ घाबरून हो म्हणायची वेळ आली होती.

फोनवर उत्तर द्यायची सक्ती नाही. ‘लेखी पाठवा, विचार करून सांगते’ एवढं म्हणा. तुम्ही होकार दिलात आणि त्यांनी निर्णय बदलला, तर चालू अपील तिथेच संपतं. नव्या निर्णयावर पुन्हा अपील करता येतं, पण रांग पहिल्यापासून. १२ गुणांचा पुरावा हातात असेल तर मी थांबायला सांगेन.

प्रश्न: आम्ही ग्लासगोत राहतो. हेच नियम का?

नाही. तिथे अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे आणि ते सोशल सिक्युरिटी स्कॉटलंड देतं. अंतरं आणि गुण बरेचसे तसेच आहेत, पण फेरनिर्णय मागायला ४२ दिवस मिळतात. आधीची रक्कम कमी झाली असेल तर दाद मागेपर्यंत शॉर्ट-टर्म असिस्टन्स मागा. त्यातून आधीइतके पैसे चालू राहतात आणि हरलात तरी ते परत द्यावे लागत नाहीत.

प्रश्न: माझी आई ७१ वर्षांची आहे, इथे कायम वास्तव्य आहे. आता चालता येत नाही. पिपची मोबिलिटी मिळेल?

पेन्शनचं वय उलटल्यावर पिपचा नवा अर्ज करता येत नाही. अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे पेन्शनच्या वयातल्या लोकांचा देखभालीचा भत्ता, मिळू शकेल, पण त्यात मोबिलिटीचा भागच नाही. हे अन्यायाचं आहे असं माझं मत आहे आणि मी ते जिथे संधी मिळेल तिथे मांडते. आईसाठी सध्या कौन्सिलकडे ब्लू बॅजचा अर्ज करा. त्याला वयाची अट नाही. फॉर्म भरताना वर सांगितलेली टेप घेऊनच बसा.