पुरस्कार ‘केला’ की ‘दिला’?

प्रश्न : ‘मानसशास्त्रज्ञ टिमथी लिअरी यांनी एलएसडीचा पुरस्कार केला’ असं वाचलं. पुरस्कार तर देतात ना? इथे ‘समर्थन’ हवं होतं का?

उत्तर : वाक्य चोख आहे. (एलएसडी म्हणजे भ्रम आणणारं एक रासायनिक द्रव्य.) पुरस्कार ‘देणे’ म्हणजे बक्षीस, ‘करणे’ म्हणजे एखादी गोष्ट हिरिरीने पुढे मांडणे. पण गल्लोगल्ली ‘राष्ट्रपती पुरस्कृत शिक्षक’ असे फ्लेक्स लागल्यावर दुसरं काय होणार! पक्षपुरस्कृत अपक्ष उमेदवाराला काय शाल-श्रीफळ मिळालेलं असतं? पक्षाने त्याला पुढे केलेलं असतं. त्या गुरुजींना म्हणायचंय ‘पुरस्कारप्राप्त’.

आता खरी गंमत. पुरस् म्हणजे पुढे. ‘पूर्व’, ‘हेतुपुरस्सर’ हे त्याच घरातले. मग ‘अंतःकरणा’सारखं ‘पुरःकार’ का नाही? कारण पाणिनीने ‘नमस्पुरसोर्गत्योः’ असं खास सूत्रच घातलंय. नमस्कार आणि पुरस्कार दोघांचा स् त्यानेच राखला. पुढे ‘हित’ आलं की मात्र पुरस्‌चा पुरो होतो : पुरोहित, म्हणजे पुढे ठेवलेला. ऋग्वेदाची सुरुवातच बघा, ‘अग्निमीळे पुरोहितम्’.

म्हणून तर लिअरीला हा शब्द इतका शोभतो! 1960 मध्ये मेक्सिकोत कुएर्नावाकाला या गड्याने भ्रम आणणारी अळंबी खाल्ली, परत येऊन हार्वर्ड विद्यापीठात त्या अळंबीतल्या सायलोसायबिन या द्रव्याचे प्रयोग मांडले. 1963 मध्ये तिथली नोकरी गेली. 1966 मध्ये त्याने चक्क धर्मपंथ काढला, त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं एलएसडी आणि प्रसादही एलएसडीच. 1968 मधल्या त्याच्या एका पुस्तकाचं नाव मराठीत ‘महापुरोहित’ असंच करावं लागेल. पुरस्कर्त्याचा पुरोहित झाला! (त्याचा हार्वर्डमधला जोडीदार रिचर्ड अल्पर्ट नीम करोली बाबांकडे येऊन ‘राम दास’ झाला. समर्थांशी संबंध नाही.)

‘समर्थन’ सुचवणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही. समर्थन करायचं ते कुणी बोट दाखवल्यावर. लिअरी कुणाची वाट बघत थांबला नव्हता. जानेवारी 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कात हजारो पोरांपुढे उभा राहून ‘टर्न ऑन, ट्यून इन, ड्रॉप आउट’ (साधारण ‘जागे व्हा, सूर जुळवा, चाकोरी सोडा’) म्हणाला, हा पुरस्कारच. आदल्या वर्षी अमेरिकी सेनेटच्या उपसमितीपुढे त्याने सरसकट बंदीऐवजी परवाने द्या असं सांगितलं, त्याला हवं तर समर्थन म्हणा.

बक्षिसाचा अर्थ हिंदीतून घुसला, हाकला त्याला, असंही काही शुद्धिवीर म्हणतात. त्यांनी जरा संस्कृत कोश उघडावा. पुरस्कृत म्हणजे पुढे केलेला आणि सन्मानिलेला, दोन्ही अर्थ तिथे आहेत. माझा तर्क असा : भर सभेत एखाद्याला पुढे बोलावलं की त्याच्या हातावर काहीतरी ठेवणं आलंच.