वडिलांची बंदूक अजून कपाटातच आहे?

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक वाचकाने विचारलं आहे: वडील आठ महिन्यांपूर्वी वारले. पीक संरक्षणासाठी त्यांच्या नावावर बारा बोअरची डबल बार बंदूक होती. परवान्याची मुदत संपली. बंदूक आणि काडतुसांचा डबा घरातल्या लोखंडी कपाटात आहे. रानडुकरं बाग उकरून टाकतात म्हणून बंदूक स्वतःच्या नावावर करायची आहे. पण सहा वर्षांपूर्वी बांधाच्या वादातून मारामारीची केस झाली होती. तिच्यात निर्दोष सुटका झाली, मात्र त्याच वेळी तहसीलदारांकडून चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये अशी विचारणा करणारी, नोटीसही आली होती. "चौकशीत हे निघालं तर अर्ज जाईल का? की गप्प बसू?"

भाऊ, गप्प बसू नका. तुम्हाला काळजी जुन्या केसची आहे, मला तुमच्या कपाटाची आहे. वडील गेले त्या दिवसापासून ती बंदूक कोणाच्याच परवान्यावर नाही. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 21 प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावी लागते. विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 वर्षं, कमाल 5 वर्षं आणि दंड अशी आहे. आठ महिने झालेत. आपण होऊन जमा केली तर उशिराचं कारण सांगता येतं. कोणाच्या तक्रारीवरून झडती झाली, तर ते ऐकायला कोणी थांबत नाही.

पण बंदूक मोटरसायकलला बांधून थेट ठाण्यात नेऊ नका. आधी मृत्यू दाखला आणि मूळ परवाना जोडून लेखी अर्ज द्या, ठाणे अंमलदार सांगतील तशी ती सुपूर्द करा. त्याआधी जाणत्या माणसाकडून नळ्या उघडून बघा. माझ्या एका पक्षकाराच्या आजोबांची बंदूक वर्षानुवर्षं जुन्या लुगड्यात गुंडाळून पोटमाळ्यावर होती. उघडली तेव्हा डाव्या नळीत फुगलेलं काडतूस निघालं. घरात नातवंडं खेळत होती. तो क्षण आठवला की आजही अंगावर काटा येतो. जमा केल्यावर पोच घ्या. तिच्यावर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या हवी.

आता नावावर करण्याचं. शस्त्र नियम 2016 मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे, पण सातबाऱ्यावर वारस लागतात तसं हे होत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात तुमच्या नावाने नवा अर्ज करावा लागतो. बाकीच्या वारसांचं संमतीपत्र, शारीरिक व मानसिक आरोग्याचा दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागेल. मग कागद तुमच्या पोलीस ठाण्यात येतो. तिथे गुन्ह्यांची नोंद पाहतात, शेजारीपाजारी विचारतात, शस्त्र घरात सुरक्षित राहील का तेही बघतात.

तुमची केस इथेच येते. शस्त्र अधिनियमाच्या कलम 9 ची बंदी हिंसाचाराच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना आहे, तीही शिक्षा संपल्यापासून 5 वर्षं. तुम्ही निर्दोष सुटलात, ती बंदी तुम्हाला लागत नाही. चॅप्टर केसचं म्हणाल, तर नोटीस निघणं वेगळं आणि शांतता राखण्याच्या बंधपत्राचा आदेश होणं वेगळं. आदेश झाला असला तरी बंदी त्या बंधपत्राच्या मुदतीपुरती असते आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली ती जास्तीत जास्त एक वर्ष. तहसीलमधून त्या फाईलच्या नकला आजच मागवा. कोर्टातल्या निकालाची प्रमाणित प्रतही काढा.

आणि दोन्ही गोष्टी अर्जात स्वतःहून लिहा. माहिती दडवून मिळवलेला परवाना शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली रद्द होऊ शकतो. निकालाची प्रत जोडलेली असली की चौकशी करणाऱ्यालाही अहवाल लिहायला आधार मिळतो. तरी जिल्हाधिकारी कलम 14 खाली नकार देऊ शकतात. सुटका झाली म्हणून परवाना मिळेलच, असं मी तुम्हाला सांगणार नाही. नकार आला तर कारणं लेखी मागा आणि 30 दिवसांत कलम 18 खाली अपील करा.

या खटपटीला वेळ लागतो. तेवढ्यात कोणीतरी सातपुड्यापलीकडचा गावठी कट्टा "स्वस्तात" आणून देतो म्हणेल. त्याला दारातूनच परत पाठवा. आपल्या चोपडा-शिरपूरकडची तरणी पोरं त्यापायी जेलात गेलेली मी पाहिली आहेत, त्यांच्या आया कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या पाहिल्या आहेत.

बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे रानडुक्कर मारायची परवानगी मिळाली असं नाही. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. तोवर बागेचं नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज टाका. त्याला बंदूक लागत नाही.