लष्कराने निवडून आलेले सरकार उलथवले, तर भारतीय जनता त्याला पाठिंबा देईल का?

प्रत्यक्ष वेळ आली तर बहुसंख्य लोक पाठिंबा देणार नाहीत असे माझे मत आहे, जरी प्यू रिसर्च सेंटरच्या २०१७ च्या पाहणीत ५३ टक्के भारतीयांनी लष्करी राजवट चांगली ठरेल असे म्हटले होते. त्याच पाहणीत त्याहून जास्त लोकांनी प्रातिनिधिक लोकशाहीलाही पसंती दिली होती, आणि नागपुरात राज्यशास्त्र शिकवताना ही दोन्ही मते मी अनेकदा एकाच विद्यार्थ्याकडून ऐकतो. त्याला सैन्याची शिस्त हवी असते, पण मतदानाचा हक्क सोडायची त्याची मुळीच तयारी नसते. आणीबाणी लादणारे सरकार मतदारांनी १९७७ मध्ये घालवले, हा माझ्या मते सर्वांत भक्कम पुरावा आहे. मात्र त्याच निवडणुकीत नागपूरने काँग्रेसचाच खासदार निवडून दिला होता, म्हणजे हक्क गेल्याची झळ सर्वत्र सारखी पोहोचली नव्हती.