स्टॅनफर्डच्या ‘कासा सपाता’ वसतिगृहात मराठी मुलगी एकटी पडेल का?

तुमच्या मुलीला स्टॅनफर्डला प्रवेश मिळालाय, राहण्याच्या पसंतीक्रमात तिने ‘कासा सपाता’ सगळ्यात वर टाकलंय आणि ते लॅटिनो मुलांचं वसतिगृह म्हणून तुम्हाला काळजी लागलीय, असा तुमचा प्रश्न. मी पदवीला असताना तिथे राहिलोय. खुशाल जाऊ द्या. फक्त ती तिथे कशासाठी जातेय, हे एकदा तिला विचारा.

ते ‘राखीव हॉस्टेल’ नाही. स्टर्न हॉल नावाचं संकुल आहे, त्यातलं हे एक घर. 1972 पासून ते चिकानो म्हणजे मेक्सिकन-अमेरिकन आणि इतर लॅटिनो विद्यार्थ्यांच्या संस्कृतीला वाहिलेलं आहे. माझ्या वेळी साधारण निम्मी मुलं लॅटिनो होती, बाकी आमच्यासारखी कुठली कुठली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 पासून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली, तिथून सुरुवात करा म्हणजे कल्पना येईल. तिथे खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागाच नव्हती. इथे खोली सगळ्यांनाच मिळते, पण ज्याच्या घरातलं कोणी कॉलेजात गेलेलं नाही, ज्याचे आई-वडील कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासच्या शेतात लेट्यूस तोडतात, त्याला त्या श्रीमंती आवारात आपलं म्हणावं असं काही दिसत नाही. ते या घरात दिसतं.

सगळी मुलं तशी नसतात, हेही खरं. मायामीची क्यूबन मुलगी आणि टेक्सासचा मुलगा राजकारणावरून तासन्‌तास भांडतात. तिसऱ्या पिढीतल्या कित्येकांना स्पॅनिश धड येत नाही आणि त्याची त्यांना लाज वाटते. न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी पोरांना हे दुखणं सांगायला नको. खरं तर माझ्यापेक्षा तीच जास्त अवघडलेली असायची. मला स्पॅनिश येईल अशी कोणाची अपेक्षाच नव्हती!

जेवणघरातलं भित्तिचित्र मुलीला नीट बघायला सांगा. होसे आंतोनियो बुर्सियागा हे लेखक-चित्रकार आणि त्यांच्या पत्नी सेसिलिया 1985 पासून इथे रेक्टरसारखे, पण मुलांमध्ये राहायचे. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या धर्तीवर त्यांनी चिकानो नायकांची पंगत रंगवली. नायक कोण, हे त्यांनी विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांनाच विचारलं. मधोमध क्यूबाच्या क्रांतीतला चे गेव्हारा बसलाय. शिवाय ज्याच्या नावाचं हे घर तो मेक्सिकन क्रांतिकारक सपाता, शेतमजुरांचे पुढारी सेझर चावेझ आणि डोलोरेस वेर्ता, इतकंच काय मार्टिन ल्यूथर किंगही आहेत. पण बऱ्याच जणांनी उत्तरात आपली आई, आजी, शेतात राबणारा बाप असंच लिहिलं होतं. म्हणून मग टेबलक्लॉथवर, आमच्यासाठी मेलेल्या, फरशा पुसलेल्या, रडलेल्या आणि लढलेल्या सगळ्यांना, अशा अर्थाची ओळ आली. मला अख्ख्या चित्रात तो टेबलक्लॉथच आवडतो. चेच्या बाबतीत तिथल्याही सगळ्यांचं एकमत नाही. (त्याच क्रांतीमुळे देश सोडून मायामीला आलेल्या घरातल्या क्यूबन मुलीचं काय म्हणणं असेल ते ओळखा.) 1994 मध्ये सेसिलिया यांची नोकरी गेली तेव्हा चिकाना विद्यार्थिनी उपोषणाला बसल्या होत्या. जेवणात द्राक्षं नकोत (शेतमजुरांच्या द्राक्ष-बहिष्काराला पाठिंबा म्हणून), चिकानो अभ्यासक्रम सुरू करा, याही मागण्या त्यात होत्या. ते किस्से तिला पहिल्याच आठवड्यात ऐकायला मिळतील.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांच्या दिवसाची, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या पितरांच्या सणाची, वेदी मांडतात: गेलेल्या माणसांचे फोटो, मेणबत्त्या, गोड पाव, ज्याला जे आवडायचं ते, आणि झेंडूच झेंडू. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. मुलं फुलं नुसती पसरत होती, मी सुई-दोरा घेऊन हार ओवायला बसलो तर चार जणं शेजारी येऊन बसली. रूममेटने विचारलं, तुमच्याकडचं कोणी नाही ठेवायचं? मग फोनमधला आजोबांचा फोटो छापून आणला आणि पुढे सुपारीचं खांड ठेवलं. गोड पावाशेजारी सुपारी बघून कोणी काही बोललं नाही, फक्त एकाने ती खाऊन बघू का म्हणून विचारलं.

एकदा मी साबुदाण्याची खिचडी केली. पेरूचा मुलगा म्हणाला, बटाटा आमचा. साबुदाण्याचा कसावा आणि शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचे, मिरची मेक्सिकोच्या बाजूची. तूप-जिरं सोडलं तर आपल्या उपासाचा सगळा ऐवज तिकडचा! त्या दिवसापासून माझी ओळख ‘आमची खिचडी चोरणारा’.

आता मुलीला सांगायचं ते. स्पॅनिश शिकायला म्हणून जायचं असेल तर वर्ग लावावा, तिथली मुलं शिकवणीला बसलेली नाहीत. कार्यक्रम ठरवायला घराच्या थीमचे, म्हणजे लॅटिनो संस्कृतीचं काम बघणारे, वरच्या वर्गातले विद्यार्थी नेमलेले असतात. त्यांच्याकडे जाऊन खुर्च्या मांडायचं काम मागावं. प्रेक्षक म्हणून येणारे तिथे फार होतात, कामाला येणारे कमी. आणि कोणाच्या आई-वडिलांकडे अमेरिकेत राहण्याची कागदपत्रं आहेत का, हे चुकूनही विचारू नये. कोणी आपणहून सांगितलं तर ऐकावं आणि ते दुसऱ्या खोलीत जाऊ देऊ नये. इमिग्रेशनच्या धाडींची बातमी येते तेव्हा त्या घरातली हवा पालटते, आणि त्या रात्री असाइनमेंटची विचारपूस करत फिरणारा माणूस नकोसा होतो.

बाकी खोली बहुधा दोघींत मिळेल. शनिवारी रात्री गाणी मोठ्याने असतात, झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे बॅगेत टाका.